साडूच्या अंगणातलं जागतिक गवत

बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. इकडे पायरीवर टेका. तुम्ही फरशीचा नमुना बघायला आलात हे मला कळलंय, पण नमुना दाखवायचा तर आधी अंगणाची ही दशा कशी झाली ते सांगावं लागेल. येणारा प्रत्येक जण दारातूनच ओरडतो, "अहो, हे काय झालं?" तुम्ही नुसतं नाकाला रुमाल लावलात आणि गप्प राहिलात. सभ्य माणूस आहात. सभ्य माणसाला मी पूर्ण सांगतो. बाकीच्यांना म्हणतो, पाइप फुटला होता.

शाळा मला फारशी मानवली नाही, पण दोरी आणि थापी मानवली. हे मागचं अंगण म्हणजे माझं दुकान होतं म्हणा. गिऱ्हाईक आलं की मी बोलायचो नाही, नुसतं हे दार उघडायचो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी, आणि सांधे असे घट्ट की मुंगीला पाय रोवायला जागा नाही. मुंगी यायची, बघायची आणि परत जायची. गवताच्या काडीची उगवायची हिंमत नव्हती. पाणी ओता, सरळ मोरीकडे चालू लागायचं, शाळा सुटल्यासारखं.

आणि भिंतीपलीकडे माझा साडू.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. आता साडू हे काय नातं आहे बघा. भाऊ नव्हे, मित्र नव्हे, आणि शत्रू म्हणावं तर दर रविवारी जेवायला येतो. सासऱ्याने दोन जावई एका तराजूत घातले आणि तराजू तसाच टांगून ठेवून स्वतः निघून गेला. तो अजून हलतोय.

साडू एका गोदामात कारकून होता, आता घरी असतो. म्हणजे पूर्वीही तो बसलेलाच असायचा, आता फक्त खुर्ची बदलली. आळशी हा शब्द त्याला कमी पडतो. आळशी माणूस निदान जांभई देतो, याला तीही जड जाते. त्याच्या अंगणात गुडघाभर गवत, एक झाड पडलं ते पडल्या जागी कुजतंय, फुटका हौद, त्यात शेवाळ. मी कैकदा म्हटलं, साडूभाऊ, फुकट फरशी बसवून देतो, नुसतं हो म्हणा. तर म्हणायचा, "हो म्हणायचं, मग सामान हलवायचं, मग तुम्हाला चहा द्यायचा. कोण करत बसणार?"

अशा माणसाच्या दारात एक दिवस मोठी गाडी उभी राहिली आणि त्यातून परदेशी माणसं उतरली.

मी गच्चीवर होतो. पाण्याची टाकी बघत होतो. त्यानंतर मला टाकी फार वेळा बघावी लागली, ते सोडा. तर तीन-चार जण, आणि त्यांच्याबरोबर आपल्यातली एक तरुण मुलगी. ती डॉक्टर, पण औषधाची नव्हे, किड्यामुंग्यांची. आमची गल्ली तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागली. परदेश्यांतला एक इतका उंच होता की साडूच्या दारात त्याला दोन हप्त्यांत वाकावं लागायचं. तो लंबू. हे लोक गवतात गुडघ्यावर बसले, दोऱ्याच्या चौकटी मांडल्या, त्या चौकटीतलं पान न पान मोजायला लागले. पिवळ्या वाट्या ठेवल्या, त्यात पाणी, त्यात किडे पडायचे. जमिनीत लोखंडी कडं ठोकायचे, त्यात पाणी ओतायचे आणि ते किती वेळात मुरतं हे घड्याळ लावून बघायचे. आणि साडू खुर्चीत बसून मान डोलावायचा, जणू पाणी त्याच्याच सांगण्यावरून मुरतंय.

"काय शोधतायत हो हे?" मी बायकोला विचारलं.

"सहा देशांचं काम आहे म्हणे," ती म्हणाली. "निसर्ग आपल्याला काय काय सेवा देतो ते मोजतायत. सावली, गारवा, पाणी मुरणं. धाकटी सांगत होती, त्यांच्या अंगणाची सेवा फार चांगली आहे."

"आणि मी इतकी वर्षं लोकांच्या मोऱ्यांना पाणी उतरायला ढाळ देतोय, ती सेवा नाही का?"

"तुमची मोजायला कोणी आलं नाही," ती म्हणाली, आणि माझे चांगले सहा कप भिंतीवरून धाकटीकडे दिले. पाहुण्यांच्या चहासाठी. माझ्या कपातून चहा, आणि मी टाकीवर.

साडू बदललाच हो. त्यांनी त्याला एक टोपी दिली, ती तो घरातही काढेना. फाटकावर पाटी लागली, अभ्यासाची जागा म्हणून. रविवारी जेवताना तो घास हातात धरून म्हणाला, "साडूभाऊ, खरी गोष्ट गुंतागुंतीत असते. एक किडा दुसऱ्यावर, दुसरा पानावर, पान मातीवर. जितका गुंता जास्त तितकी जागा श्रीमंत."

मी उभं आयुष्य गुंते सोडवण्यात घालवलं, आणि हा माणूस ज्याने बुटाची नाडी कधी सोडवली नाही, तो मला गुंता शिकवतोय. मी भाताचं ताट बाजूला सारलं. बायकोला वाटलं मीठ जास्त झालं.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी माझंही दार वाजवलं. मागे लंबू. म्हणाल्या, "काका, तुमचं अंगण बघू का जरा?"

मला वाटलं, आलं नशीब भिंत ओलांडून. मी दार असं उघडलं जसं गिऱ्हाइकासाठी उघडतो. लंबूने फरशीवर कडं ठेवलं, कडेने चिकट माती लावली, पाणी ओतलं. पाणी जागच्या जागी. तो बघतोय, पाणी बघतंय. पिवळ्या वाट्या ठेवून गेले, दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तर वाट्यांत नुसतं स्वच्छ पाणी. लंबू डॉक्टरीणबाईंना काहीतरी बोलला आणि दोघांचे चेहरे फुलले.

"काका," त्या म्हणाल्या, "हे म्हणतायत की असं अंगण त्यांनी कुठल्याच देशात बघितलं नाही. इथे एकही जीव जगत नाही. आता आम्ही असं ठरवलंय की..."

पुढचं मी ऐकून घेतलं नाही. एकही जीव जगत नाही, असं माझ्या तोंडावर, माझ्या अंगणात, हसत हसत. मी म्हटलं, बाई, पाणी मोजून झालं असेल तर आपलं कडं उचला. आणि दार लावून घेतलं. त्या बाहेरून "काका, काका" करत होत्या. मी नळ मोठा सोडला.

दुसऱ्याच दिवशी ती मंडळी आपापल्या देशांतल्या जागा बघायला निघून गेली. परत यायला वेळ होता. आणि त्या वेळात मी ठरवलं की माझं अंगण साडूच्या अंगणापेक्षा जास्त गुंतागुंतीचं करायचं.

फरशी मीच फोडली. ज्या हाताने बसवली त्याच हाताने. पहिला घाव घालताना मी डोळे मिटले होते, त्यामुळे तो अंगठ्यावर बसला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. अंगण सरळ होतं म्हणून फोडणारा आज बघितला."

आता अशी गोष्ट गल्लीत लपत नाही. घाव माझा, आवाज सगळ्यांचा. आधी आला गॅरेजवाला. तो म्हणाला, "काका, जुने टायर टाका, त्यात पाणी साचू दे, बेडूक आपोआप येतात." आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडचे पडून असलेले सगळे टायर माझ्याकडे आले. शिलाईवाल्या वहिनी म्हणाल्या, चिंध्यांच्या ढिगात किडे छान होतात. चिंध्या आल्या. समोरचे मास्तर, जे शाळेत असताना मुलांना काही शिकवू शकले नाहीत ते आता मला शिकवायला मोकळे होते, त्यांनी कुजकी लाकडं, फुटकं बेसिन आणि एक जुनं कपाट पाठवलं. कपाट कशाला म्हटलं तर म्हणाले, "आत वाळवी आहे. चांगली जातिवंत आहे, सांभाळून न्या." उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत, पण हे उंटावरून कचराही खाली टाकत होते. गल्लीतल्या प्रत्येक घराने आपली अडगळ माझ्या दारात ओतली आणि वर मलाच म्हणाले, निसर्गासाठी एवढं तर करायलाच पाहिजे.

मीही कमी नव्हतो. तळ्याचा गाळ काढत होते, त्याचा एक ट्रक मी मागवला. सुपीक माती, म्हणे. ट्रकवाल्याने फाटकातून गाळ सोडला तेव्हा तो माती होता की आमटी हे सांगता येत नव्हतं. तो सगळीकडे गेला, मोरीत गेला, मोरीतून गल्लीच्या गटारात गेला, आणि गटाराने जो मार्ग धरला तो सरळ मास्तरांच्या पुढच्या खोलीत. निसर्गाची सेवा घरपोच. मास्तरांनी तक्रार केली. म्हणजे कपाट त्यांचं, वाळवी त्यांची आणि तक्रारही त्यांची.

नगरपालिकेत मला बोलावणं आलं. आरोग्याच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे आहे तो कचरा आहे की बाग आहे? कचरा असेल तर उचला. बाग असेल तर बागेच्या टेबलाकडे जा."

बागेचे साहेब म्हणाले, "फुलं आहेत का?"

म्हटलं, नाहीत. टायर आहेत.

"मग बाग कशी? बरं, फरशी तुम्ही काढली? मग बांधकामाच्या टेबलाकडे जा."

बांधकामाचे साहेब मला ओळखत होते. त्यांच्या घरची न्हाणी मी केलेली. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "लोक परवानगीशिवाय बांधतात, तुम्ही परवानगीशिवाय फोडलंत? आमच्याकडे यासाठी काही सोय नाही." मी छाती काढून सांगितलं की ही परिसंस्था आहे, सहा देश मोजायला येणार आहेत. साहेबांनी शेजारच्याला विचारलं, "परिसंस्थेचं टेबल कुठलं रे?" तो म्हणाला, "आपल्याकडे नाही." मग तिघांनी मिळून मला एकच गोष्ट सांगितली, की आठवड्यात सगळं साफ झालं नाही तर ते येऊन साफ करतील.

तेवढ्यात साडू आला. पुढच्या दाराने, स्वतःच्या पायांनी. हे बघूनच माझी बायको घाबरली. तिला वाटलं, कोणीतरी गेलं.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "माल परत करा."

"कसला माल?"

"ठिपकेवाला."

झालं असं होतं की लंबूने साडूच्या अंगणातल्या गोगलगायींच्या पाठीवर लाल ठिपके दिले होते. कुठली कुठे जाते ते कळावं म्हणून. आणि माझ्याकडचा गाळ, तो गारवा, ती कुजकी लाकडं, यांना भुलून त्या ठिपकेवाल्या गोगलगायी भिंत चढून माझ्याकडे येऊन राहिल्या होत्या. बेसिनमध्ये एक कुटुंबच होतं.

बायकोने एक उचलून डोळ्यांजवळ धरली. "ही धाकटीची नखांची पॉलिश आहे. मीच दिली होती तिला."

"बघा," साडू म्हणाला. "मुद्देमाल सापडला."

"अहो, त्या आपणहून आल्या," मी म्हटलं.

"आपणहून? माझ्या अंगणातलं कोणी आपणहून उठून कुठे जात नाही."

हे मात्र खरं होतं, मालकापासून सगळे तसेच. पण मी गोगलगायी चोरतो हे माझ्या घरात येऊन मला ऐकवायचं? मी म्हटलं, साडूभाऊ, ज्या घरात गोगलगायीलाही कंटाळा येतो त्या घराने दुसऱ्याला चोर म्हणू नये. तो म्हणाला, पोटात दुखत असेल तर ओवा खावा, दुसऱ्याचे प्राणी आणू नयेत. मग दोघी बहिणी मध्ये पडल्या, आणि आम्हाला सोडवता सोडवता त्यांचंच लागलं. कप परत आले. पाच आले, एक फुटला होता. भिंतीवरून जाणारी-येणारी वाटी बंद झाली. रविवारचं जेवण बंद झालं. तुम्हाला म्हणून सांगतो, रविवारी माझा हात सवयीने चार ताटं काढायचा, आणि बायको दोन परत फळीवर ठेवायची.

अशा वेळी डॉक्टरीणबाई परत आल्या, लंबूला घेऊन.

आधी त्यांना बेसिनमधल्या गोगलगायी दिसल्या. लंबू तर गाळात गुडघ्यावरच बसला. एवढी भिंत चढून आल्या, कोणाला वाटलंच नव्हतं, असं त्या दोघांचं चाललं होतं. म्हणजे मी निर्दोष ठरलो, आणि तेही परदेशी तज्ज्ञाकडून. मी भिंतीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "ऐकलंत का?" भिंतीवर टोपी दिसत होती.

मग डॉक्टरीणबाई उठल्या, चहूकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "काका," त्या म्हणाल्या, "फरशी कुठे आहे?"

"काढली."

"का?"

"तुमच्यासाठी. आता बघा, केवढा गुंता आहे. कपाटात वाळवीसुद्धा आहे, जातिवंत."

त्या टायरवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, त्या दिवशी मी तेच सांगत होते. गवताची अंगणं आम्हाला कुठेही मिळतात. पण शेजारी शेजारी, एकाच उन्हात, एकाच पावसात, एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला असं अंगण जिथे काहीच उगवत नाही, अशी जोडी आम्ही सहा देशांत शोधली. तुलना केल्याशिवाय रानाची सेवा कळणार कशी? इतकी पक्की फरशी आम्हाला कुठेच मिळाली नाही. शेजारच्या अंगणाला खरी किंमत तुमच्या अंगणामुळे आली होती."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी मला त्या गाळात उभं राहून मिळाली, आणि शाबासकीची वस्तू मी पोत्यात भरून फेकून दिली होती.

मग आमच्या स्वयंपाकघरात सहा देशांची सभा झाली. पिठाच्या डब्यावर त्यांचा कॉम्प्युटर ठेवला, आणि पडद्यावर चौकटीत एकेक डोकं. चौकटी सरळ रेषेत होत्या, तेवढं बरं वाटलं. काही कळत नव्हतं, पण प्रत्येक जण बोलताना कपाळाला हात लावत होता, म्हणजे विषय माझाच. शेवटी एक पांढऱ्या केसांची बाई काहीतरी बोलली आणि सगळे गप्प झाले.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठरलं. टायर, चिंध्या आणि कपाट काढायचं. बाकी आहे तसं. मेलेल्या जागेत जीव कसा परत येतो हे बघायची संधी आहे म्हणे. तुम्ही फक्त काही करू नका."

काही करू नका. म्हणजे साडूला जे जन्मतः येतं ते मला या वयात शिकायचं होतं. पण माझ्या फाटकावर पाटी लागली. आरोग्यवाले साहेब साफ करायला आले ते पाटी बघून तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. एक दुपारभर मी जगातला सुखी माणूस होतो. टाकीवरही गेलो नाही.

आता साडूचं काय झालं ते ऐका. त्याने भिंतीवरून सगळं ऐकलं होतं, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. गवताची अंगणं कुठेही मिळतात, फरशीचं कुठेच मिळत नाही. त्याच्या हिशेबाने, इतके दिवस मान साडूभाऊंचा, म्हणजे माझा, आणि टोपी नुसती आपल्याला. तो म्हणे तसाच खुर्चीत बसून राहिला, जेवला नाही. माझ्या मेहुणीने बहिणीला भिंतीवरून सांगितलं. दोघींचं बोलणं सुरू झालंय, एवढं एक बरं झालं.

आणि परवा सकाळी त्याच्या दारात फरशीचा टेम्पो. डॉक्टरीणबाई आणि लंबू दूर कुठेतरी मोठ्या सभेत आमच्या दोन अंगणांची चित्रं दाखवतायत, आणि इकडे साडूने गवत कापायला घेतलंय. त्या परत येऊन काय बघतील याचा विचार मी करत नाही, मला चक्कर येते.

पण ते त्यांचं त्या बघतील. माझं दुखणं वेगळं आहे. फरशी बसवायला त्याने कोणाला बोलावलं माहीत आहे? पलीकडच्या गल्लीतला तो चष्मेवाला गवंडी. मी भिंतीला भिंत लावून राहतो, मी फुकट देतो म्हणून घसा कोरडा केला, आणि माझा सख्खा साडू फरशी लावून घेतोय परक्याच्या हातून. मी दोन दिवस टाकीवर आहे. त्या चष्मेवाल्याने ढाळ उलटा धरलाय हो. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात शिरणार. धाकटी जन्मभर उंबऱ्यात बसून पाणी लोटत राहील, आणि हा खुर्चीत पाय वर घेऊन बसेल.

बायको म्हणते, जाऊन सांगा. मी कसा जाऊ? मी गेलो की तो म्हणणार, साडूभाऊंच्या पोटात दुखतंय. दुखतंय, पण ते त्याने म्हणायचं नाही.

तेव्हा तुम्ही एक करा. नमुना राहू द्या, नमुना काय कधीही बघता येईल. इथून बाहेर पडलात की उजव्या हाताला त्याचं फाटक. आत जा, फरशीचं काम बघायला आलोय म्हणा. जरा वाका, एक डोळा मिटा, आणि सहज बोलल्यासारखं म्हणा की ढाळ उलटा वाटतोय, सिमेंट ओलं आहे तोवर उचलून घ्या. कोणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव काढू नका. पण त्याने विचारलं, की मग सरळ कोण बसवून देईल, तर तेवढ्यापुरतं काढा.